आधी मीठ

पाषाणला सहा, शिवाजीनगरला आठ,
रेडिओ सांगतो.
खडकीत आमच्या पत्र्याखाली किती,
ते कोणी मोजत नाही.
मी अंड्याला हात लावून मोजते.

कारखान्याचा भोंगा व्हायच्या आधी
खुराड्याची कडी काढली
की पहिल्यांदा उबट वास बाहेर येतो,
मग लंगडी,
मग भुरी, मामी आणि तुरेवाली,
कुणी तरी अपमान केल्यासारख्या.
तिघींनी दिवाळीपासून अंडी बंद केलीत.
पिसं गाळतात, ज्वारी खातात,
आणि माझ्याकडे एका डोळ्यानं बघतात.
एकटी लंगडी दिवसाआड देते,
तेही भुशात नाही,
मोरीच्या उघड्या फरशीवर.
मला सापडेपर्यंत
नदीतल्या गोट्यासारखं गार झालेलं असतं.

धुवायचं नाही.
कोरड्या फडक्यानं पुसायचं, टोक खाली करून ठेवायचं.
हे कोणी शिकवलं नाही,
दीड डझन नासल्यावर कळलं.

फ्रीज शमुवेलचा.
नगरला बदली झाली तेव्हा
"राहू दे तुझ्याकडे" म्हणाला,
त्यानंतर बाबांच्या फंडावरून
आमचं जे झालं ते झालं.
फ्रीज राहिला.
दाराचं रबर गेलंय,
आतला काटा एकावर ठेवा की पाचवर,
मागची भिंत बर्फ धरतेच.

नाताळच्या केकसाठी सात अंडी साठवली होती.
दुधाचं पातेलं आत सारताना
ती मागे मागे सरकत गेली असणार.
तेवीस तारखेच्या रात्री काढली
तर पाच उभी तडकलेली,
टोकापासून टोकापर्यंत,
आणि चिरेतून आतलं पांढरं
हिरडीतून दात यावा तसं वर आलेलं.

ती पाच उकडली,
कवचासकट चुरली,
आणि सकाळी चौघींपुढे टाकली.
लंगडीनं स्वतःचंच खाल्लं,
मान वर न करता.
मी बघत उभी राहिले,
मला वाटलं होतं तिला कळेल.

दोन धड राहिली होती.
वाटीत ठेवून खालच्या कप्प्यात रात्रभर सोडली,
गरम पाण्यात घालायची घाई केली नाही.
फोडली.
पांढरं सुटलं, वाहिलं,
काही झालंच नव्हतं असं.
पिवळं मात्र नाही.
ते गोळा होऊन बसलं होतं,
काट्यानं दाबलं तर तुकडे पडले,
फेटलं तर तुकड्यांचे तुकडे.
दूध घातलं, साखर घातली.
नाही म्हणजे नाही.

केकमध्ये पिवळे ठिपके आले.
प्रार्थनेनंतर सगळ्यांनी खाल्ला,
रिबेकाकाकूनं विचारलं, "यात चीज आहे का गं?"

बेकरीतल्या युसूफभाईंना दाखवलं
तर हसले.
"एकदा गोठलेला बलक माघारी येत नाही, ताई.
गोठवायचंच असेल तर आधी फोडायचं,
पिवळं-पांढरं एक करायचं,
चिमूटभर मीठ घालायचं,
मग खुशाल ठेवा महिनाभर.
मीठ आधी. नंतर घालून उपयोग नाही."
पावाचे पैसे घेतले,
खारी वर घातली.

एकतीसच्या रात्री शमुवेलचा फोन.
तीन वर्षांनी.
पाठीमागे त्याच्याकडे फटाके,
माझ्याकडे फ्रीजची घरघर.
म्हणाला, "चालतो का अजून?"
म्हटलं, "चालतो."
"थंडी आहे का?"
"आहे."
मग तो थोडा वेळ काहीच बोलला नाही,
मीही नाही,
आणि कोणीच फोन ठेवला नाही.
शेवटी त्याचं चार्जिंग संपलं.
तसं तोच म्हणाला होता,
संपत आलंय म्हणून.

आता मी पाऊण तास आधी उठते.
शाल गुंडाळून मोरीच्या दाराशी बसते.
लंगडी येते, मला बघून थबकते,
दोन फेऱ्या घालते,
मग नाइलाजानं बसते.
अंडं हातात येतं तेव्हा ओलसर असतं, ऊन असतं,
मुठीत धरावंसं वाटतं, तेवढं धरते.

फ्रीजच्या मागच्या भिंतीला टेकून
स्टीलचा छोटा डबा ठेवलाय.
वर कागद चिकटवलाय, पेन्सिलनं लिहून:
अंडी तीन.
मीठ घातलंय.
बारा जानेवारी.