आकडा लावू नये

डंडीच्या लॉकी भागात, तागाच्या बंद गिरणीत
तिसऱ्या मजल्यावर राहते हात्सुए कुरोइवा.
वय शहाऐंशी. ऐकू येतं फक्त उजव्या कानानं.
मी म्युझियमची माणूस : भिंग, हातमोजे, फॉर्मची चळत.
प्रदर्शनाआधी एकेका कामाची तब्येत लिहून घ्यायची,
कुठं विरलंय, कुठं कसर लागलीय,
आणि मागच्या बाजूला पेन्सिलीनं आकडा घालायचा.

तिच्याबद्दल सगळं वाचून गेले होते.
नोतोच्या किनाऱ्यावर बाप जाळी सांधायचा.
बोटीवरल्या इंजिनिअरशी लग्न, सदुसष्ट साली इथं.
इंजिनिअर पुढच्या बोटीवर चढला, तो गेलाच.
मग गिरणीच्या कॅन्टीनमध्ये बटाटे सोलले, अकरा वर्षं.
गिरणी मिटली तेव्हा बाकीच्या बायांनी भरपाई घेतली.
हिनं मागितली रिकामी पोती.

रोज एक पोतं उसवायचं.
आडव्या धाग्यांतला एकच ठेवायचा, सगळ्यात वरचा,
आणि उभे सगळे त्याला लोंबते सोडायचे.
मग स्टीलचे हूक लावून छताला टांगायचं.
बस. एवढंच केलं जन्मभर.

आता रॉटरडॅमपासून साओ पावलोपर्यंत
पोरं तसेच दोरे टांगतात.
जाणकारांनी लिहिलं : पाऊस.
लिहिलं : युद्धानंतरचं आकाश.
एकानं लिहिलं : शून्य.
त्या शून्यापुढं लंडनच्या लिलावात
बरीच शून्यं लागली.

“सगळ्यात पहिलं कुठलं?” मी विचारलं.
तिनं लोखंडी कपाटातून काढलं
न उसवलेलं एकमेव पोतं.
“कॅन्टीनच्या मागं पडलेलं. कुणा मसालेवाल्याचं असेल.”
तिचं इंग्रजी डंडीच्या गिरणबायांचं, ठसक्याचं.
“ही नक्षी बघ. वर एक रेघ,
आणि जे काय आहे ते तिला लटकलेलं.
जमिनीवर काही उभंच नाही!
पंचेचाळीस वर्षं मी हीच एक नक्षी काढतेय.”

काळ्या शाईचा छाप, निम्मा उडालेला.
शिवणीत अजून थोडं पिवळं.
मी वाचलं. न वाचणं हातात नव्हतं :

आकडा लावू नये

सांगलीच्या मार्केट यार्डात
माझ्या वडिलांच्या कमरेला असायचा तो, मुठीएवढा.
हळदीच्या पोत्यात घुसला की पोतं सांडायचं
आणि सांडलेलं मापात धरून
हमालीतून कापायचे.
म्हणून तसली पोती ते पाठीवर घ्यायचे, मिठी मारल्यासारखी.
आंघोळीचं पाणीसुद्धा पिवळं व्हायचं.

हे सगळं मी तिला सांगितलं, उजव्या कानात.
ती पोत्याकडं बघत राहिली.
मग मान वर करून छताकडं.
दोनशे चौदा हूक.

हसायला लागली ती
तशी कवळी हातात काढून घ्यावी लागली.
“विमावाल्याला सांगू नकोस,” म्हणाली.
मग पुन्हा म्हणायला लावलं, अक्षर अक्षर.
“आकडा,” ती म्हणाली. “आकडा.”
डचा उच्चार काही केल्या जमेना.

आमच्यात आकड्याला आणखी एक अर्थ आहे,
तो मात्र मी सांगितला नाही.
चहा गार झाला होता. टे नदीवरच्या पुलावरून
एक मालगाडी बराच वेळ जात होती.

उद्घाटनाच्या सकाळी शेवटच्या दालनात
एक काम छताला नव्हतं.
जमिनीवर होतं, नीट कुशीवर,
दमलेल्या माणसानं ओझं टेकवावं तसं.
हूक वर रिकामा.
कॅलमनं धावत अपघाताचा फॉर्म आणला :
वस्तू पडली. कारण अज्ञात.
हात्सुएबाई चाकाच्या खुर्चीत, डावा कान आमच्याकडं करून.

मी सही केली.
त्या कामाच्या मागं पेन्सिलीचा आकडा नाही.
विचारलं कुणी, तर विसरले म्हणते.