शेड नंबर तीन

गिअर आधीच गेले होते.
मग पंपांचं अख्खं खातं कोइमतूरच्या कुणी घेतलं,
आणि खात्याबरोबर इनामदारही.
यादीत एकतिसावा. बोरिंग मशीनच्या खाली, ट्रॉल्यांच्या वर.

नव्या साहेबांनी कँटीनच्या भिंतीवर एक वर्तुळ दाखवलं,
आत एकच शब्द : इंजिन.
म्हणाले, विमानाचं इंजिन, बास.
यापुढे एकच करायचं, पण नीट करायचं.
मागून तांबोळी पुटपुटला,
'मग इतकी वर्षं काय वाकडं करत होतो?'
हसलो सगळे. नंतर मटकीची उसळ होती.

लांडेवाडीच्या चौकात ट्रेलर तासभर अडकला म्हणे,
ताडपत्रीतून मशीनचं हँडल बाहेर.
त्या हँडलला मी एकोणीस वर्षं डब्याची पिशवी अडकवली.
आता फरशीवर तेलाचा चौकोन
आणि चार बोल्टांची भोकं.
पारूबाई फरशी पुसताना चौकोनाला वळसा घालतात,
कुणाच्या पायात नको म्हणून.

मला पाती तपासायला बसवलंय.
मुठीत मावेल एवढं पातं,
किंमत माझ्या दोन पगारांची.
द्रवात बुडवा, धुवा, वाळवा,
काळ्या पडद्याआड जांभळ्या दिव्याखाली धरा.
बाहेर ट्यूबलाइटमध्ये गुळगुळीत असलेल्या त्या धातूत
कधी एक हिरवी रेघ पेटते,
केसाहून बारीक.
लाल डबा.
भेग का पडली ते दुसरं खातं लिहितं.

दिवा लावण्याआधी
डोळे अंधाराला सरावू द्यावे लागतात. नियम आहे.
तेवढ्यात बरंच काही आठवून होतं.
इनामदारचा रविवारचा फोन :
'सांबार चांगलंय गं. बोलायला कुणी नाही.'

परवा हातमोजा फाटला.
दिव्याखाली माझंच बोट हिरवं, नखाच्या कडेकडेने.
साबणाने जातं म्हणतात.
घरी जाऊन दोनदा धुतलं,
पण घरच्या उजेडात
गेलं की नाही ते कळायचं कसं?

आज सुटल्यावर गेटपाशी उभे होतो.
लोहगावकडे एक विमान उतरत गेलं, चाकं काढून.
तांबोळी मान वर करून बघत राहिला, तंबाखू हातातच.
'त्याच्या इंजिनात,' तो म्हणाला,
'पंपसुद्धा असतो.
वर्तुळवाल्याला कुणी सांगितलंय का?'