जाम

फोन माझा. रिचार्जही माझाच.
दर मंगळवारी तीन वाजता
तो ढेपेच्या पोत्याला टेकवून ठेवते
सूर्यभानजींच्या बाजेसमोर.
घरात रेंज येत नाही, म्हणून बाज गोठ्याच्या दारात;
पडद्यावर मागची गायही दिसते.

पुण्याच्या मॅडम वयानं कोवळ्या.
"नमस्कार काका, आज फळं, मग भाज्या."

बावीस वर्षं या माणसानं
दारव्ह्याच्या बाजारात भाजीचा हर्रास पुकारला.
टोपल्यामागून टोपलं, एका दमात,
चिल्लर मोजणाऱ्यालाही भाव चुकू न देता.
मग पोळ्याच्या आदल्या दिवशी झटका.
उजवा हात गेला, आणि बोलणं.

मॅडम म्हणतात, शब्द आत आहेत, दार सापडत नाही.
गिरजाबाई म्हणते, "दार हाये वो,
कडी आतून लागली."

मॅडमनं चित्र धरलं. हिरवं, गोल, देठाला एक पान.
मानेची शीर फुगली.
"जा... जा..."
मागच्या मंगळवारीही असंच म्हणाले होते.
मला वाटलं, आम्हाला जा म्हणतात.
"जाम."

"छान प्रयत्न, काका. पण ओठ मिटा बघू. पे. पेरू."
पुढचं चित्र. हिरवी जुडी.
"सां... बार."
"सांबार? इडलीबरोबरचा?"

गिरजाबाई हसली.
पदर तोंडात कोंबून, खाली बसून, डोळ्यांत पाणी येईतो हसली.
"मॅडम, बरोबर सांगून राह्यले ना थे!
आमच्या इकडं कोथिंबिरीले सांबारच म्हंतेत."

सहा आठवडे माझ्या कागदावर
'प्रगती नाही'पुढं टिक मीच केली.
मी इथलीच. माझ्या परसात जामाचं झाड आहे.
पण फोनसमोर बसले की
मलाही पेरूच ऐकू यायला हवा असतो.

मॅडम गप्प. मग त्यांनी पेन उघडलं.
"सांगा मावशी, अजून काय काय?"
"लिवा. बटाटा नाई, आलू. टमाटर म्हंजे भेदर.
शेंगा नाई, फल्ली..."

आणि बाजेवरून, कुणी न विचारता,
"सांबार... पाच.
पाच... सात."

पडद्यावर गोल फिरायला लागलं.
मॅडम पेनासकट थिजल्या.
एरवी मी फोन उचलून टाकीकडं पळते.

"सात... एक."
ते गिरजाबाईकडं बघत होते, मग माझ्याकडं,
मग पुन्हा तिच्याकडं.
"सात... दोन."

गिरजाबाईनं पदर खोचला.
"आठ," म्हणाली.