हिन्ना

हार्नोसांदच्या वाचनालयात, तळमजल्यावर,
मंगळवारी संध्याकाळी इंगेगेर्डबाई फळ्यावर लिहितात:
हिन्नेर, हन्न, हुन्नित.
आम्ही सातजण, ओले बूट दाराशी,
नुसत्या मोज्यांत.

म्हणजे काय, विचारतो तेस्फालेम, जो रात्री बस धुतो.
जमणं नव्हे, बाई म्हणतात, झेपणंही नव्हे.
अंगात बळ असतं, वाट ठाऊक असते,
प्रश्न उरतो तो वेळेचा.
दार मिटायच्या आत एक पाऊल आत.

शब्द फार जुना.
गॉथ लोकांकडे त्याचा एक भाऊबंद होता,
त्याचा अर्थ पकडून नेणं, कैद करणं.
घड्याळ नव्हतं तेव्हा त्यात.
एक पळणारा होता,
आणि एक मागून येणारा.

मधल्या सुट्टीत कोकोसाठी दूध तापतं.
हालीमा पेल्यावरची साय बोटानं उचलते.
हीसुद्धा हिन्ना, बाई म्हणतात,
साय, पापुद्रा, डोळ्यावर येतो तो पडदा.
हे नाम. अनेकवचन हिन्नोर.
याचं नातं कातड्याशी, त्या क्रियापदाशी नाही.
कोशात शेजारी राहतात,
जाणं-येणं नाही.

पुढल्या मंगळवारी बाई आल्या नाहीत.
त्याच्या पुढल्या मंगळवारी आल्या,
कोट न काढता बसल्या.
भाऊ, स्तुरे, हुदिक्सवालच्या इस्पितळात.
सुंद्सवालच्या पुढे रस्ता बर्फानं बंद.
'या हन्न इंते,' फळ्याकडे बघत म्हणाल्या.
तेस्फालेमनं वहीत उतरवून घेतलं,
मग खोडलं.

मग धडा.
'तो' म्हणजे हन. 'गाठलं' म्हणजे हन्न.
लिहिताना एक न जास्त,
कानाला काहीच फरक नाही.
'तो वेळेत पोचला' असं कुणी म्हणालं
तर वाटतं, कुणी नुसतंच म्हणतंय
तो, तो.

आज्ञार्थ?
आहे पुस्तकात. वापरत नाही कुणी.
वेळ काय हुकमानं पुरते?

आणि हुन्नित एकटं उभं राहत नाही,
त्याला आधाराला 'हार' लागतं, किंवा 'हादे'.
पण 'जर' आलं पुढे
की आधार गळून पडला तरी चालतं.
जर मी वेळेत पोचले
इथंच बाईंनी खडू ठेवला.
व्याकरणाला यात काही चूक सापडत नाही.

पलीकडे दूध वर येऊ लागलं.
हालीमा मोज्यांवर घसरत धावली,
पातेलं उचललं.
हुन हन्न, तेस्फालेम म्हणाला,
आणि बाईंनी मान हलवली:
बरोबर.