विरजण

तिन्हीसांजेला विरजण देऊ नये,
सासूबाईंचं एवढंच लक्षात राहिलंय.
आणि हा नेमका साडेसातला दारात, हातात वाटी,
"आंटी, थोडा दही? जमाने के लिए."
बाविसाव्या मजल्यावरचा थोइबा.
मणिपूरचा. परळच्या हॉस्पिटलात रात्रपाळीला नर्स.

आता याला काय सांगू,
की हे दही माझं नाहीच.
काळाचौकीला, खोली नंबर चौदात,
मिलला टाळं लागलं त्या आठवड्यात
अख्ख्या चाळीच्या बेतांवर विरजण पडलं
आणि माझ्या घरी तेवढं नव्हतं.
बारा नंबरच्या जलजाक्षीनं दिलं चमचाभर.
तिला नवऱ्यानं आणलं होतं फोर्टातल्या हॉटेलातून,
हॉटेलात आलं भायखळ्याच्या तबेल्यातून,
त्याच्या मागचं म्हशीला ठाऊक.

माझ्याकडून जमिलानं नेलं, ती मुंब्र्याला गेली.
डिमेलोबाईनं वसईला.
शुभदानं डोंबिवलीला. एका वर्षी माझं नासलं
तेव्हा तिकडून परत आलं,
जरा आंबटच. म्हटलं, तिकडचं पाणी.

चाळ पाडली तेव्हा
कागदपत्रं ट्रंकेत, विरजण मांडीवर,
टॉवेलात गुंडाळून, टेम्पोत ड्रायव्हरशेजारी.
संक्रमण शिबिरात सहा वर्षं लागलं तसं.
इथे टॉवरात आधी लागेना.
शेजारच्या एसीचा गारठा भिंतीतून येतो.
आता भांड्याला ह्यांचा मफलर बांधते.

खाली बाकावर आम्ही रोज म्हणतो,
गिरणगाव गेलं, काही उरलं नाही.
मीही म्हणते, माझा आवाज जरा मोठाच असतो.
मग वर येऊन दूध कोमट करते,
झाकण ठेवते, दिवा घालवते,
आणि अंधारात कोणीतरी कामाला लागतं,
मूळ गाव कुठलं, न विचारता.

तर मी थोइबाला दिलं.
नाव घेतलं नाही त्याचं.
"घे, पांढरं," एवढंच म्हटलं.

आठ दिवसांनी वाटी परत आली. रिकामी नाही.
उकडलेला बटाटा, लाल मिरची,
आणि त्याच्या आईनं पाठवलेली आंबवलेली मासळी.
वास लिफ्टपर्यंत.
सेक्रेटरी कुलथे नाकाला रुमाल लावून वर आले,
"वहिनी, तुमच्याकडे काही सडलंय का?"

माझ्या तोंडात घास होता.
सुकटीच्या वळणाचा, पण सुकट नाही.
गिळून म्हटलं,
"सडलं नाही हो. मुरतंय.
बसा, वाढू का थोडं?"