अंगठ्याएवढी फट

तुळया आणल्या सोलापुरात, पूर्व भागातल्या
एका मोडलेल्या मागाच्या शेडमधून.
अकरा नग.
चाळीसेक वर्षं त्यांनी फक्त धडधड ऐकलेली.
खळीचा वास अजून अंगाला,
एका खिळ्याला तांबड्या सुताचं टोक,
कुठल्या तरी चादरीतनं सुटलेलं.

गेनसिद्ध म्हणाला, काकू, लाकूड पक्कं वाळलंय,
आता याला काय होतंय.
मलकप्पा सुतारानं तुळईच्या टोकाला थुंकी लावली.
लगेच आत गेली.
"बघ की," म्हणाला, "म्हाताऱ्याला अजून तहान हाय."

आमच्या बोरामणीत पाणी जास्त होईल
अशी भीती कुणी घालत नाही.
घातली तर टँकरभोवतीच्या बायका हसतात.
मीही हसले.
मलकप्पा टोकंच मोजत होता. अकरा दुणे बावीस.

त्यानं सांगितलं ते आठवतं तसं:
लाकूड पितं टोकानं, पाठीनं कमी.
म्हणून टोकांना बिब्ब्याचं तेल, दोनदा,
आधी हातांना खोबरेल चोळून.
(मी चोळलं नाही. मनगटावरचा डाग अजून आहे.)
खांबाखाली शहाबादी फरशीचा तुकडा,
लाकूड मातीला टेकलं की वाळवीला आवतण.
तुळई भिंतीत घालताना भोक मोठं ठेव,
सिमिटानं गच्च लिंपू नको,
अंगठा फिरेल एवढी फट चारी अंगांनी.
गच्च धरलेलं टिकत नाही वगैरे
असलं काही तो म्हणाला नाही.
म्हणाला, "मग घाम कुठं जाईल त्याचा?"

आणि पत्रा थेट तुळईवर नको,
मधे पट्ट्या मार.

पट्ट्यांचे पैसे मी वाचवले.
तो त्या आठवड्यात लेकीकडे इंडीला गेलेला.
गेनसिद्धनं दीड दिवसात पत्रे ठोकले,
आत दोन म्हशी, एक गाय, कोपऱ्यात कडबा.
हस्त बरसून गेला, एक थेंब आत नाही.
मनातल्या मनात मी मलकप्पाला हरवलं.

मार्गशीर्षात गारठा म्हणून
चारी बाजूंनी पोती बांधली.
आणि एका पहाटे कडब्यावर
टप.
बाहेर आले. चांदण्या लख्ख, ढगाचा पत्ता नाही.
आत पुन्हा टप.
बॅटरी वर धरली:
पत्र्याच्या पोटाला थेंबच थेंब,
खाली म्हशी निवांत रवंथ करत,
नाकातनं वाफ,
एकेक श्वास वर जातोय, गार पत्र्याला थडकतोय,
पाणी होऊन तुळईच्या पाठीवर उतरतोय.
हात लावला. ओली.
तांबडं सूत भिजून काळं.

मी आभाळावर डोळा ठेवून बसलेली,
आणि पाऊस म्हशींच्या नाकात होता.

मलकप्पा रागावला नाही, हेच जास्त लागलं.
पत्र्याखाली नख घालून बघितलं. शिरेना.
"वरनं पडलालंय ते समद्यांना दिसतंय," म्हणाला,
"खालनं चढलालंय, ते कोण बघतंय?"

मग सगळे हूक काढले.
पत्रे उतरवून बांधावर निजवले,
तुळयांना चार दिवस ऊन दाखवलं,
बाभळीच्या पट्ट्या करंजीचं तेल पाजून मारल्या,
आढ्याला वीतभर मोकळं, वर टोपी.
पोती फक्त जनावरांच्या पाठीएवढी, वरचा भाग उघडा.
पट्ट्यांना लागले त्याच्या दुप्पट मजुरीला गेले.
गेनसिद्ध दोन दिवस माझ्याशी बोलला नाही,
जणू पट्ट्या त्यानंच वाचवल्या होत्या.

आता धार काढायला बसायच्या आधी
मी भिंतीतल्या फटीत अंगठा घालते.
कोरडं. थोडा वारा लागतो.
तिसऱ्या फटीत पाल राहते, तिथं घालत नाही.

जुन्या हुकांची भोकं डांबरानं बुजवली,
एक राहिलं.
सकाळी त्यातनं रुपयाएवढं ऊन येतं,
म्हशीच्या पाठीवरून हळूहळू सरकत जातं.
मृगात तिथनं गळणार, माहीत आहे.
डांबराचा डबा आणून ठेवलाय.
अजून लावलं नाही.