तीन किलोमीटर

मागचं वर्षभर मी स्कूटरनेच जात होते
उभादांड्याहून पतसंस्थेत, तीन किलोमीटर.
कारणं विचारलीत तर होती:
ऊन, उशीर, कुत्री, गुडघा.
खरं असं, की घर सोडल्यावर
मधे कुठे असायचंच नव्हतं मला.
आरोलकरणीच्या "बरी आसस मा गो?"ला
उत्तर द्यायचं नव्हतं.

कॅश काउंटरमागे पोस्टर: वसुंधरा वाचवा.
त्याखाली बसून मी लोकांचे हप्ते मोजले,
वसुंधरेचं काय ते तिनं बघावं.

परवा झोप लागली. सलग, सहा तास.
सकाळी हात आपणहून
पडवीतल्या सायकलीकडे गेला,
सीटवरचं कोळिष्टक पुसलंन्.
आग्नेलने हवा भरली, पैसे घेतले नाहीत.
"चेन रडताहा तुजी," एवढंच म्हणाला.

खाडीच्या पुलावर चढ लागतो.
उतरले. ढकलत नेली.
सुकती होती; चिखलात एक बगळा
कुठेच न जाता उभा.
सुक्या बांगड्याचा वास आधी आला,
मग मागून हाक:
"बरी आसस मा गो?"

थांबले.
बरी की कशी, ते सांगायला
वेळ लागला जरा.